ती पट्टी आपल्या शिसवीची आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गिटारच्या वाढत्या ओढीबद्दलचा लेख वाचला. लेख कळकळीने लिहिला आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तरी कारागिरांच्या घरातली मुले या धंद्यात का राहत नाहीत, हा त्यातला प्रश्न माझ्याही घरचा आहे. पण त्यात गिटारला परक्या लाकडाचे परके वाद्य म्हटले आहे, तिथे मी थांबलो. वाद्य बाहेरून आले हे खरे. लाकूड परके आहे हे मात्र खरे नाही, आणि ते मी स्वतःच्या हाताने तासून पाहिले आहे. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. थोडे लांबेल, पण जागा द्यावी ही विनंती.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. माझे वडील आजऱ्याकडचे सुतार. दाराच्या चौकटी, पाट, पलंग, देव्हारे हे त्यांचे काम. मी मिरजेला आलो तो सतारमेकर गल्लीत उमेदवारी करायला. अकरा वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली भोपळे कापले, तबल्या (पोटावरच्या पातळ फळ्या) बसवल्या, पडदे बांधले, जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला आणायची झणकार, काढायला शिकलो. पुढे स्वतःचे छोटे दुकान टाकले. सुरुवातीला फक्त सतार, तानपुरा आणि दिलरुबा यायचा. मग सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजची आणि इथल्या मेडिकल कॉलेजची मुले गिटार घेऊन येऊ लागली. कुणाची तार उंच झालेली, कुणाचा ब्रिज उखडलेला. तारांचे वाद्य आहे, आपल्याला जमेल, म्हणून मी नाही म्हटले नाही. आज माझ्या बाकावर निम्म्याहून जास्त काम गिटारचे असते.

२०१२ च्या जूनमध्ये मडगावहून एक वयस्क वादक रेल्वेने एक गिटार घेऊन आले. उमेदीची वर्षे त्यांनी जहाजांवरच्या बँडमध्ये काढली होती आणि १९८० च्या दशकात एका बंदरावर हे वाद्य विकत घेतले होते. गिब्सन कंपनीचे ईएस-३३५. लाल रंगाचे, पोटावर व्हायोलिनसारख्या दोन कापा असलेले. पडदे इतके झिजले होते की तारेखाली खाचा पडल्या होत्या. दांडीवरच्या लाकडी पट्टीतले सगळे २२ पडदे नवे बसवायचे होते. मी त्यांना स्पष्ट सांगितले की एवढ्या किमतीचे वाद्य मी आजवर हातात धरलेले नाही. ते म्हणाले, तुम्ही सतारीचे पडदे घासता ना, मग घाबरू नका.

जुना पडदा काढताना तो सोल्डरिंग आयर्नने तापवावा लागतो, म्हणजे लाकडाचे कपचे न निघता तो सुटतो. तिसरा की चौथा पडदा तापवला आणि वास आला. गोडसर, किंचित तिखट, नाकात रेंगाळणारा. मी हात थांबवला. तो वास वडिलांच्या पडवीतला होता. शिसवीच्या पाटावर रंधा फिरला की घरभर हाच वास सुटायचा. पुढे पट्टी सपाट करण्यासाठी पॉलिश पेपर मारला तेव्हा बोटांवर तीच तपकिरी-जांभळी पूड बसली, आणि लहानपणी यायच्या तशा शिंकाही आल्या. शिसवीची पूड नाकाला झोंबते हे सुतारांना माहीत आहे. शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा जांभळा झाला. आता शंका उरली नाही.

शिसव म्हणजे शास्त्रीय भाषेत डाल्बर्जिया लॅटिफोलिया. कर्नाटकात तिला बीटे म्हणतात, केरळात ईट्टी. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, आजरा-चंदगडपासून दांडेलीपर्यंत आणि खाली वायनाड-निलंबूरपर्यंत ही झाडे आहेत. उत्तरेकडचे शिसम हे तिचे भावंड, पण वेगळे झाड. गिटारच्या व्यापारात आपल्या शिसवीला इंडियन रोझवूड म्हणतात. पूर्वी ब्राझीलचे रोझवूड वापरत. ते दुर्मिळ होत गेले तसे १९६० च्या दशकात अमेरिकी कारखाने आपल्या शिसवीकडे वळले, आणि १९९२ मध्ये ब्राझीलच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंदच झाला. म्हणजे गेली पन्नासेक वर्षे जगभरचे वादक ज्या पट्टीवर बोटे फिरवतात, ती बऱ्याचदा आपल्या डोंगरातली असते. गिटार वाजवणाऱ्या मुलांना हे माहीत नसते, आणि लेख लिहिणाऱ्यांनाही माहीत नसावे याचे मला वाईट वाटले.

ते काम झाल्यावर मी या कंपनीबद्दल मिळेल ते वाचत गेलो. शिवणकाम करणारा दुसऱ्याच्या शिलाईकडे पाहतो तसे मी तिच्या वाद्यांकडे पाहिले. ऑर्व्हिल गिब्सन हा माणूस मिशिगन राज्यातल्या कॅलामझू नावाच्या गावात बुटांच्या दुकानात नोकरी करायचा आणि फावल्या वेळात मॅन्डोलिन बनवायचा. त्या काळी पातळ फळी वाकवून वाद्याचे पोट बनवत. त्याने व्हायोलिनसारखी जाड फळी घेऊन ती आतून-बाहेरून कोरली. वाकवलेल्या लाकडात ताण राहतो, कोरलेले लाकूड मोकळे बोलते, असे त्याचे म्हणणे होते. १८९८ मध्ये त्याला पेटंट मिळाले, १९०२ मध्ये त्याच्या नावाने कंपनी निघाली. आमच्या मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगार सतारीकडे वळले. तिथे बुटांच्या दुकानातला नोकर मॅन्डोलिनकडे वळला. हत्यार धरायची सवय असलेला हात कुठेही वळू शकतो, एवढेच मला त्यातून दिसते.

त्या कंपनीच्या एका शोधाचे मला कारागीर म्हणून फार मोल वाटते, तो म्हणजे ट्रस रॉड. थॅडियस मॅकह्यू नावाच्या तिथल्या कामगाराच्या नावावर १९२० च्या दशकात त्याचे पेटंट आहे. नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांडीच्या आत, पट्टीखाली, एक पोलादी सळई बसवलेली असते. तारांच्या ओढीने नेक पुढे झुकली की टोकाचा नट फिरवून ती सरळ करता येते. आषाढ-श्रावणात माझ्या दुकानात गिटारची रांग लागते ती याच कारणाने. हवेतला ओलावा लाकडात शिरतो, तारा उचलल्या जातात, मुले म्हणतात काका बोट दुखते. पाव वळसा फिरवायचा, रात्रभर ठेवायचे, सकाळी पुन्हा पाहायचे, बस. सतारीची दांडी वाकली तर मात्र आम्हाला पडदे सोडून, दांडी शेकून, फळीला बांधून आठवडाभर वाट पाहावी लागते. आमच्या दांडीला अशी सळई बसवता येईल का, हा विचार मी अनेक वर्षे करतो आहे. एका जुन्या, टाकून दिलेल्या सतारीवर प्रयोग केला, पण तरफेच्या, म्हणजे पडद्यांखालून जाणाऱ्या घुमत्या तारांच्या खुंट्या दांडीच्या पोकळीत येतात आणि सळईला जागा उरत नाही. अजून जमलेले नाही.

लेखात विजेवर चालणाऱ्या वाद्यांबद्दलही नाराजी आहे. पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारे चुंबकाचे वेटोळे) बसवला की वाद्याचा जीव जातो, असा त्याचा सूर आहे. हे मला मान्य नाही. या कंपनीने १९३६ मध्ये ईएस-१५० हे विजेचे गिटार काढले. तोवर बँडमध्ये गिटार कुणाला ऐकूच यायचे नाही, तुताऱ्यांच्या आवाजात ते बुडून जायचे. चार्ली ख्रिश्चन नावाच्या तरुणाने तेच वाद्य घेऊन गिटारला पुढच्या रांगेत आणले. वाद्याला आवाज मिळाला म्हणून वादकाला जागा मिळाली. १९५२ मध्ये लेस पॉल नावाचे गिटार आले, महोगनीचे भरीव अंग आणि वर मेपलची कोरीव टोपी. १९५७ पासून त्यावर सेथ लव्हर या इंजिनीअरचा हमबकर नावाचा पिकअप बसू लागला. ज्यांनी गावातल्या कार्यक्रमात साधा पिकअप वापरला आहे त्यांना विजेची गुणगुण माहीत आहे. मंडपातल्या दिव्यांची, पंख्यांची, ढिल्या अर्थिंगची. लव्हरने दोन वेटोळी शेजारी बसवली, एक सुलट आणि एक उलट, चुंबकाची दिशाही उलट. तारेचा आवाज दोन्हीकडून मिळून वाढतो आणि विजेची गुणगुण एकमेकींना मारते. साधी गोष्ट, पण कुणाला तरी ती सुचावी लागते. उरुसाच्या मैफलीत सतारीला पिकअप लावून द्या म्हणून कलावंत माझ्याकडे येतात तेव्हा मी याच तत्त्वाचा पिकअप लावतो, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या गावात हे करताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

मडगावच्या त्या वादकांचे ३३५ हे १९५८ चे रूप. पोकळ पोटाचे गिटार स्पीकरजवळ नेले की शिट्टी मारते. भरीव गिटार शिट्टी मारत नाही, पण त्याला पोकळीची ऊब नसते. म्हणून यांनी मधोमध मेपलचा ठोकळा ठेवला आणि दोन्ही बाजू पोकळ ठेवल्या. दातांच्या डॉक्टरांचा आरसा त्या कापेतून आत घालून मी तो ठोकळा पाहिला. तबलीसाठी सलग लाकूड नव्हते, पातळ थर चिकटवून दाबलेले होते. आमच्या गल्लीत अशा लाकडाला कमी लेखतात. पण वाद्य वाजले तेव्हा मी गप्प झालो. कुठल्या कामाला कुठले लाकूड, हे ओळखणे हीच कारागिरी. किमती लाकूड सगळीकडे घालणे ही नव्हे.

आणि याच कंपनीने विजेचे वाद्य केले म्हणून साधे वाद्य सोडले नाही. १९४२ मध्ये महायुद्ध चालू असताना जे-४५ निघाले, स्प्रूसची तबली आणि महोगनीचे अंग, किंमत ४५ डॉलर म्हणून नाव ४५. पुरुष युद्धावर गेले होते, कॅलामझूच्या कारखान्यात ती वाद्ये प्रामुख्याने बायकांनी बनवली. १९४४ चे एक छायाचित्र आहे, कारखान्यासमोर ओळीने उभ्या बायका. ते पाहिल्यापासून मी माझ्या धाकट्या सुनेला पडदे बांधायला शिकवले, आणि आज तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. पुढे १९६० मध्ये हमिंगबर्ड आले, १९६२ मध्ये मेपलच्या अंगाचे डव्ह. महोगनीचा आवाज लवकर उमटतो आणि लवकर विरतो, गाणाऱ्याच्या आवाजाला वाट देतो. मेपल अधिक लख्ख, अक्षर न् अक्षर वेगळे. आज त्यांची साधी गिटार मोंटाना राज्यातल्या बोझमन गावी बनतात आणि विजेची नॅशव्हिलला. एका घराण्याच्या दोन शाखा, दोन्ही जिवंत.

या कंपनीचे एक वाद्य आपल्या रागसंगीतात आले आहे, हेही लेखात यायला हवे होते. पंडित ब्रिजभूषण काबरा, उस्ताद अली अकबर खाँचे शिष्य. त्यांनी गिब्सनचे सुपर ४०० हे मोठ्या पोटाचे गिटार घेतले, तारांची वरची बैठक उंच केली, एक सुराची तार वाढवली आणि मांडीवर आडवे ठेवून मींड काढली. १९६७ मध्ये संतूर आणि बासरीबरोबर त्यांच्या गिटारची तबकडी निघाली, ती आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिरांनीही ऐकली आहे. ज्या वाद्यातून अली अकबर खाँच्या शिष्याने राग मांडला त्याला परके म्हणून बाजूला ठेवायचे असेल तर हार्मोनियमचे काय करायचे?

आता मूळ मुद्द्यावर येतो, शिसवीच्या. २४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकी सरकारच्या हत्यारबंद अधिकाऱ्यांनी या कंपनीच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले, कामगारांना घरी पाठवले आणि लाकूड जप्त केले. ते लाकूड भारतातून गेलेले होते, शिसवीच्या आणि अबनुसाच्या पट्ट्या. अमेरिकेत लेसी कायदा नावाचा १९०० सालचा कायदा आहे. २००८ पासून तो लाकडालाही लागू आहे. ज्या देशातून लाकूड आले त्या देशाचा नियम मोडला असेल तर अमेरिकेतही तो गुन्हा. आणि मोडलेला नियम म्हणून दाखवला गेला तो आपला. आपल्या त्या वेळच्या निर्यात धोरणात ६ मिलिमीटरहून जाड कापीव लाकूड एका सदरात येई, त्याची निर्यात बंद. पातळ पापुद्रे दुसऱ्या सदरात, वाद्यांचे सुटे भाग तिसऱ्या सदरात, त्यांना परवानगी. गिटारची कच्ची पट्टी असते साधारण १० मिलिमीटरची. मग ती कापीव लाकूड की वाद्याचा सुटा भाग? एवढ्या प्रश्नावर सातासमुद्रापार कारखान्याचे काम थांबले.

त्याआधी २००९ मध्ये मादागास्करच्या अबनुसावरून त्याच कंपनीवर छापा पडला होता. त्या प्रकरणात कंपनीची चूक होती असे मला वाटते. मादागास्करचे जंगल लुटले जात होते हे जगाला माहीत होते. २०१२ मध्ये तडजोड झाली, कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरला, वन्यजीवांच्या कामासाठी ५० हजार डॉलर दिले, मादागास्करच्या लाकडावरचा हक्क सोडला. पण भारतीय लाकडाबाबत त्याच करारात लिहिले आहे की भारताच्या धोरणात या पट्ट्यांचे वर्गीकरण सुसंगत नाही, आणि भारताने स्पष्ट मनाई केल्याशिवाय अमेरिका यापुढे कारवाई करणार नाही. आपले लाकूड परत दिले गेले. कंपनीने २०१३ मध्ये त्याच परत मिळालेल्या लाकडाची गिटार ‘गव्हर्नमेंट सिरीज’ या नावाने बाजारात आणली. लाकूड हाताशी नव्हते त्या काळात त्यांनी मेपल भट्टीत भाजून, काळपट करून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या.

मडगावचे ते वादक माझ्याकडे आले तेव्हा, २०१२ च्या जूनमध्ये, हा वाद मिटायला दोन महिने बाकी होते. मला त्यातले काही ठाऊक नव्हते. मी मिरजेत बसून ज्या लाकडाचा वास घेत होतो, त्याच लाकडाच्या पट्ट्या नॅशव्हिलमध्ये सरकारी कुलपात पडल्या होत्या.

पुढची गोष्ट २०१७ ची. २ जानेवारीपासून, आधीच कडक बंदी असलेले ब्राझीलचे रोझवूड सोडून, डाल्बर्जिया वंशाची सगळी झाडे साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आली आणि शिसवीचे वाद्य सीमेपलीकडे पाठवायला कागदपत्रे लागू लागली. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सूट मिळाली. त्या मधल्या काळात जगभरचे कारखाने दुसऱ्या लाकडाच्या शोधात लागले. गिब्सनचीच स्वस्तातली नाममुद्रा आहे एपिफोन. आपल्याकडची अनेक मुले तीच घेतात. तिच्या माहितीपत्रकात आता पट्टीचे लाकूड म्हणून इंडियन लॉरेल लिहिलेले असते. लाकडाच्या व्यापारात इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. कोकणातल्या माणसाला ऐन सांगायला नको. मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, किंजळाच्या शेजारी उभा असणारा. विदर्भात ज्या झाडावर टसरचे किडे पाळतात तोही हाच ऐन. माझ्याकडे एका मुलाने नवे एपिफोन आणले आणि म्हणाला, काका, यात साधे लाकूड आहे, रोझवूड नाही. मी त्याला म्हटले, बाळा, तुझ्या आजोळच्या घराचे वासे ऐनाचे असतील, विचारून बघ. रात्री त्याचा फोन आला. वासे ऐनाचेच होते.

म्हणून लेखकाला माझे सांगणे आहे की परके लाकूड हा शब्द मागे घ्यावा. आणि त्याऐवजी खरा प्रश्न विचारावा. लाकूड आपले, मग वाद्य आपले का नाही? डोंगर आपला, पट्टी आपली, आणि ती पट्टी कच्ची बाहेर जाते, तिच्यावर २२ पडदे बसतात, आणि तिची किंमत अनेक पटींनी वाढते. ते पडदे बसवणारे हात मिरजेत आहेत. सांगली-मिरजेत उत्तम सुतार आहेत, दांडी तासणारे आहेत, सुराचा कान असलेले आहेत. नाही ते काय, तर लाकूड. हे ऐकून वाचकांना नवल वाटेल, पण शिसवीच्या डोंगरापासून दीडशे किलोमीटरच्या आत बसलेल्या आम्हा कारागिरांना शिसवी मिळत नाही.

मी एका सरकारी लाकूड डेपोच्या लिलावाला दोनदा गेलो आहे. तिथे मोठाले ओंडके लाटांनी, म्हणजे एकगठ्ठा, विकले जातात. एक लाट म्हणजे माझ्या दोन वर्षांच्या कमाईहून जास्त. बोली लावणारे फर्निचरवाले आणि बाहेरगावचे व्यापारी. मला हवी असते वीस इंच लांब, पावणेतीन इंच रुंद, बोटापेक्षा कमी जाडीची पट्टी. मी तिथल्या बाबूंना विचारले, ओंडका कापल्यावर टोकाचे तुकडे उरतात ते सुटे मिळतील का? ते म्हणाले, तशी तरतूद नाही. सभ्यपणे म्हणाले, त्यांचा दोष नाही. तरतूद नाही हे खरेच.

हिशेब फार लहान आहे. चार इंच चौरस आणि दोन फूट उंच असा शिसवी पलंगाचा एक पाय घ्या. करवतीची वाट धरून त्यातून आठ पट्ट्या निघतात. एका मोडक्या पलंगाच्या चार पायांतून बत्तीस गिटारच्या पट्ट्या. मी हे केलेले आहे. कागलच्या एका जुन्या वाड्यातला वाळवी लागलेला पलंग जळणात जाणार होता, मी तो उचलून आणला. दोन पायांना वाळवी नव्हती. त्यातल्या पट्ट्या सहा वर्षे पुरल्या. शंभर वर्षे वाळलेले लाकूड, जगात कुठला कारखाना एवढे वाळवून देईल?

तेव्हा वन खात्याला आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून माझी मागणी अशी. डेपोत शिसवी, ऐन आणि सागाचे तीन फुटांहून आखूड तुकडे वेगळे काढावेत आणि ओळखपत्र असलेल्या वाद्य-कारागिरांना ते वजनावर, ठरलेल्या दराने द्यावेत. भौगोलिक मानांकनामुळे मिरजेच्या कारागिरांची नोंद आता झालेलीच आहे, यादी नव्याने करायला नको. आणि शिसवीची लागवड करावी. हे झाड सावकाश वाढते, जाणकारांच्या यादीत आज ते असुरक्षित म्हणून नोंदले आहे, म्हणून तोडीची घाई मला अजिबात नको आहे. पण जावा बेटावर हेच आपले झाड सोनोकेलिंग नावाने लावले जाते, शेताच्या कडेला, मुळांच्या फुटव्यांपासून, आणि इंडोनेशियातले गिटारचे कारखाने त्यावर चालतात. आपल्या झाडाची गिटार जावाहून पेटीत भरून मिरजेच्या दुकानात येते आणि मी तिचे पडदे घासतो. आजरा, चंदगड, राधानगरीच्या बांधांवर शिसव का लागत नाही? आज लावलेले माझ्या नातवाच्या मुलाला मिळेल, मला नाही, तरी लावावे.

गिब्सनची सगळीच गोष्ट मी आदर्श म्हणून सांगत नाही. १९८४ मध्ये मालकांनी कॅलामझूचा तो जुना कारखाना बंद करून काम नॅशव्हिलला नेले. काही कामगार गाव सोडून गेले नाहीत. त्यांनी १९८५ मध्ये त्याच जुन्या इमारतीत हेरिटेज नावाने स्वतःचा कारखाना काढला आणि गिटार बनवत राहिले. आणि २०१८ च्या मे महिन्यात गिब्सनने दिवाळखोरीचा अर्ज केला तो गिटार खपत नव्हती म्हणून नव्हे. स्पीकर-हेडफोनचे धंदे कर्ज काढून विकत घेतले होते, ते बुडाले. मधल्या काळात गिटारवर आपोआप सूर लावणारी यंत्रे बसवली होती, तीही वादकांना आवडली नाहीत. नवे मालक आले आणि पुन्हा लेस पॉल, ३३५, जे-४५ यांच्याकडे वळले. मिरजेच्या गल्लीत जेव्हा कुणी म्हणते की आता शोभेच्या छोट्या सतारी बनवू, पर्यटकांना विकू, तेव्हा मला ही गोष्ट आठवते. शोभेच्या सतारीला जवारी नसते. जवारी काढणारा हात दोन पिढ्या रिकामा बसला तर तो परत येणार नाही. त्यापेक्षा त्या हाताने गिटारचे पडदे बसवावेत, जवारीच्या नजरेने ब्रिज घासावा. काम तेच आहे.

लेखकांना माझे निमंत्रण आहे. मिरजेला यावे. स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटे. वडिलांनी केलेला शिसवी पाट माझ्याकडे आहे, आणि त्या ३३५ च्या पट्टीतून उडालेला नखाएवढा कपचा मी डबीत जपून ठेवला आहे, वादकांना विचारूनच. दोन्हींवर स्पिरिटचा बोळा फिरवून दाखवीन.

आपला,
एक वाचक
(तंतुवाद्य दुरुस्ती, मिरज)